‘१९७१’: पलायनाची कथा आणि प्रतीक्षेची व्यथा

आपल्या युद्धपटांत शत्रू केवळ क्रूर आणि आपला जवान केवळ अजिंक्य असतो. अमृत सागर दिग्दर्शित ‘१९७१’ (२००७) हा हिंदी चित्रपट त्या सोप्या वाटेने जात नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. बांगलादेशच्या युद्धात पकडले गेलेले, परंतु मायदेशी न परतलेले भारतीय सैनिक हा त्याचा विषय. १९७७ साली त्यांतील सहा जण पाकिस्तानातील छावणीतून पळून जातात. त्यांत जेकब आहे, कबीर आणि अहमद आहेत. राम व गुर्टू हे दोन वैमानिकही आहेत. मनोज बाजपेयी यांनी मेजर सूरजसिंग संयमाने उभा केला आहे. कैद्यांची बाजू घेणारी पाकिस्तानी स्त्रीही येथे दिसते, हे विशेष. या चित्रपटास उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो यथार्थच होय.

तथापि एक उणीव मनाला टोचत राहते. चित्रपटाचा सारा भर पलायनाच्या थरारावर आहे. घरी वाट पाहणाऱ्यांना त्यात फारसे स्थान नाही. वास्तवातील वेदना मात्र तेथेच आहे.

वाचकांनी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे उदाहरण आठवावे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटच्या धावपट्टीवर हल्ला करताना त्यांचे सुखोई-७ विमान पाडले गेले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांविषयी त्या सुमारास पाकिस्तानातील एका वृत्तपत्रात आलेल्या बातमीत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव होते. १९७२ च्या अखेरीस युद्धकैदी परतले. तांबे परतले नाहीत. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या दमयंतीबाई तांबे यांच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यांनी पुनर्विवाह न करता पतीचा शोध चालू ठेवला. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच २००७ साली बेपत्ता सैनिकांचे नातलग पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले आणि रिक्त हस्ते परतले.

कथेतील पळालेल्या कैद्याला निदान शेवट मिळतो. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना तोही मिळत नाही. मृतासाठी आपण मिस्सा अर्पण करतो, दूरदेशी गेलेल्यासाठी सुखरूप परतीची याचना करतो. जो यांपैकी कोण हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी त्या घराने कोणती प्रार्थना म्हणावी? हा प्रश्न ज्या दिवशी पडद्यावर येईल, त्या दिवशी या विषयाला खरा न्याय मिळेल. तोवर ‘१९७१’ अवश्य पाहावा. मात्र तो संपल्यावर त्या घरांची आठवण ठेवावी.