वाघनखांची पेटी

जुन्या वस्तूचे परीक्षण करणाऱ्याने वस्तूकडे पाहण्यापूर्वी तिच्याबरोबर आलेला लेख नीट वाचावा, हा या विद्येतील पहिला धडा होय. वस्तू सहसा खोटे बोलत नाही; तिच्या वतीने बोलणारे मात्र पुष्कळदा चुकतात.

१९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जी वाघनखे लोकांस पाहावयास मिळाली, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या बोलीने आणलेली होती. प्रतापगड ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी ही वस्तू यावी, यात औचित्य होते; आणि ती पाहताना ज्याचे मन भरून आले, त्यास हसण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु भक्ती व परीक्षा ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे काम आपण फारसे केले नाही, असे आमचे नम्र मत आहे.

या वाघनखांचा सारा लौकिक त्यांच्या पेटीवरील इंग्रजी लेखावर उभा आहे. शिवाजीमहाराजांनी ज्या शस्त्राने मोगल सेनापतीस मारले ते हेच, आणि ते पेशव्यांच्या मुख्य प्रधानाने ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना त्यास दिले, असा त्याचा आशय आहे. आता पाहा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली पडलेला अफजलखान हा मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. ग्रँट डफ साताऱ्याच्या कारभारावर आला तो १८१८ साली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात दुसरा बाजीराव इंग्रजांस शरण गेला. म्हणजे पेशवाई बुडाली असताना पेशव्यांचा प्रधान हे नजराणे वाटीत होता की काय? पूर्वी प्रधानकी केलेला कोणी गृहस्थ अभिप्रेत असेल, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ साली प्रसिद्ध करणाऱ्या माणसाने अफजलखानास मोगल म्हटले असते, हे संभवत नाही. तेव्हा हा लेख दुसऱ्याच कोणी, ऐकीव माहितीवर लिहिला असावा. ही तीच वाघनखे आहेत असे सिद्ध करता येत नाही, हे खुद्द लंडनच्या संग्रहालयानेही सांगितले आहे.

एवढ्यावरून ती वाघनखे खोटी ठरत नाहीत. केवळ प्रश्न उघडा राहतो. पण जुन्या वस्तूंच्या व्यापारास उघडा प्रश्न परवडत नाही. तेथे पोलादाची किंमत थोडी, कथेची फार. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरील वस्तू देशाबाहेर नेण्यास बंधन घातले, विक्रेत्यास परवान्याची अट घातली. परंतु कायदा वस्तूचे वय पाहतो, तिची कथा तपासीत नाही. ते काम अभ्यासकाचे. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांस नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार घेतली. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या अक्षरांत धन्याचे नाव आहे. तेथे तलवार स्वतः बोलते. येथे पेटी बोलते. हा भेद लहान नव्हे.

आणि हा भेद ओळखण्याची विद्या आपल्याकडे परकी आहे, असेही नाही. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला तो याच जिल्ह्यातील वाईस मिळालेल्या कागदांवर. पारसनीसांनी आपला मोठा संग्रह उभारला तो साताऱ्यास. १९३९ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. पत्र हाती आले की ते कोणी, कोणास, केव्हा लिहिले, हे विचारल्यावाचून त्या पिढीचे अभ्यासक एक पाऊल पुढे टाकीत नसत. कागदास जो नियम, तो लोखंडास का नसावा?

आणखी एक प्रश्न तर कोणी विचारीतच नाही: हे शस्त्र घडविले कोणी? आपण धन्याचे नाव शोधतो, कारागिराचे नाही. याचे उत्तर वाघनखांपुरते मिळणे कठीण. पण त्या व्यवसायाचे पुढे काय झाले, हे सांगली जिल्ह्यात मिरजेस जाऊन पाहता येते. तेथील शिकलगार हत्यारे घडविणारे व त्यांस धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांतील काही घराणी सतार-तंबोऱ्याकडे वळली. तलवारीचे पाणी जोखणारा हात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यावर आणि तंबोऱ्याच्या जवारीवर बसला. २०२४ साली, वाघनखे साताऱ्यास आली त्याच वर्षी, मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. पहिल्या वार्तेचा गाजावाजा फार झाला. दुसरीचा फारच थोडा.

संग्रहालयांनी पाटीवर 'असे म्हणतात' हे दोन शब्द ठळक अक्षरांत लिहावेत, आणि असे का म्हणतात तेही सांगावे, इतकेच आमचे मागणे आहे. प्रतापगडचा पराक्रम पेटीवरच्या लेखावर अवलंबून नाही. तो लेख चुकीचा ठरला तरी महाराजांचे काही उणे होत नाही; उणे होते ते, न तपासता मान डोलावणाऱ्या आपल्या बुद्धीचे.