नाण्याचे पूर्वस्वामित्व : औंढ्याच्या दोन कथा आणि शिर्डीचे नऊ रुपये

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या देवालयात नंदी देवासमोर नसून मंदिराच्या पाठीमागे आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, अशी त्याची पारंपरिक उपपत्ती. याच स्थानाशी दुसरीही कथा निगडित आहे. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले नामदेवांनी पाहिले. ते पाय जेथे जेथे हलवावेत, तेथे तेथे पिंडी प्रकट झाली. पहिली कथा संताच्या सान्निध्याने एका वास्तूला वेगळेपण देते, तर दुसरी अशा वेगळेपणाचा पायाच काढून घेते. थोर व्यक्तींच्या हातची नाणी जतन करण्यामागील आकर्षणाचा विचार या दोन कथांच्या प्रकाशात करणे उद्बोधक ठरेल.

नाण्याचे पूर्वस्वामित्व क्वचित धातूवरच वाचता येते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडलेल्या सुमारे १३,२५० रौप्यनाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीची चिन्हे ठोकलेली आहेत. जित आणि जेता एकाच चकतीवर एकत्र नांदतात; तेथे साक्षीदाराची आवश्यकता नाही. परंतु हा अपवाद होय. संग्राहकाच्या हाती पडणारे नाणे बहुधा मुकेच असते आणि त्याच्यासाठी कागद बोलतो. अमेरिकेचे १९३३ चे वीस डॉलरचे सुवर्णनाणे २०२१ साली १ कोटी ८८ लाख डॉलरांवर विकले गेले. ईजिप्तच्या फारुक राजाचे नाव त्याला जोडले जाते खरे. पण त्या नावाचे खरे बळ राजवैभवात नव्हते. १९४४ साली त्याच्यासाठी दिल्या गेलेल्या निर्यात-परवान्यामुळे त्या नाण्याच्या खाजगी मालकीचा कायदेशीर मार्ग मोकळा झाला, हे ते बळ.

शिर्डीचे उदाहरण याहून अवघड आहे. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीस, देह ठेवण्यापूर्वी साईबाबांनी लक्ष्मीबाई शिंदे यांस प्रथम पाच व मग चार असे नऊ रुपये दिले. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त हा प्रसंग आहे. या नवाच्या आकड्याचा संबंध भक्तीच्या नऊ प्रकारांशी लावण्यात येतो; पाच आणि चार या विभागणीलाही भागवताच्या एकादश स्कंधातील श्लोकाचा आधार शोधण्यात आला आहे. भाष्यकाराची ही चतुराई वाखाणण्याजोगी असली, तरी नाण्यांविषयी ती काहीच सिद्ध करीत नाही. त्या काळचा रुपया म्हणजे १८० ग्रेन वजनाचे, कोट्यवधींच्या संख्येने पाडलेले नाणे. उद्या कोणी दहावा रुपया आणून तोच खरा म्हटले, तर त्याला खोटे ठरविणारी कोणतीही खूण चांदीत सापडणार नाही.

‘स्पर्शाने पावन झालेली नाणी’ हा नेहमीचा खुलासा येथे तोकडा पडतो. बाबा भक्तांकडून दक्षिणा घेत आणि ती त्याच दिवशी वाटून टाकीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तेव्हा त्यांच्या हातून गेलेले रुपये असंख्य असले पाहिजेत, आणि स्पर्श तर सर्वांना सारखाच झाला. चरित्राच्या इंग्रजी रूपांतरात नागेश वासुदेव गुणाजी तर असेही नमूद करतात की, खुद्द लक्ष्मीबाईंच्या हाती यापूर्वी नऊच्या कितीतरी पट रुपये आले होते. या एका वाक्यात संपूर्ण प्रश्नाची किल्ली आहे, आणि भाविक वाचक नेमके तेच ओलांडून पुढे जातो. ते आधीचे रुपये गेले कोठे? मीठ-पीठ, तेल, कापड यांत गेले असतील. हे नऊ मात्र मोडले गेले नाहीत.

तेव्हा या नाण्यांचे मोल ज्याने दिले त्याच्या थोरवीवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ते जिने खर्च केले नाही तिच्या निश्चयावर आहे. संग्राहक पूर्वस्वाम्यांच्या यादीत प्रसिद्ध नाव शोधतो आणि राखणाराचे नाव तळटीपेत टाकतो; हा क्रम उलटा करावयास हवा. विसोबांच्या न्यायाने पाहता बाबांच्या हातचा प्रत्येक रुपया सारखाच पवित्र होता. उरलेले रुपये बाजारात गेले, हातोहात फिरले आणि पुढे कधीतरी आटणीच्या मुशीतही पडले असतील.