अबोल्याला आलेला भाव

परक्या समाजातल्या माणसावर जडलेल्या प्रेमाची गोष्ट सांगणारा छोट्या भांडवलाचा चित्रपट आणि परदेशी महोत्सव यांचे गेल्या काही वर्षांत चांगलेच मेतकूट जमले आहे. या चित्रपटांचा साचाही आता ठरून गेला आहे. मुंबईचा पाऊस, भाड्याची खोली, वेगळ्या धर्माची किंवा वर्गाची दोन माणसे आणि त्या दोघांनी एकमेकांशी न बोलता काढलेली मिनिटेच्या मिनिटे. 2024 साली पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कानचे ग्रां प्री मिळाले. 2025 च्या आरंभी रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने सनडान्समध्ये जागतिक कथापटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक घेतले. दोन्ही चित्रपट चांगले आहेत. दुसरा तर फार चांगला. पण त्यांच्या यशातून घेतला जाणारा धडा चुकीचा आहे. पात्रांना गप्प बसवले की निवड समिती ऐकते, असा तो धडा. अबोल्याला असा भाव मराठीत याआधी आला नव्हता.

मराठीपुरते बोलायचे तर या विषयाची मुळे मुंबईत शोधण्यापेक्षा पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे शोधलेली बरी. दौंड तालुक्यात केडगाव आहे आणि केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. 1858 साली चित्पावन घरात जन्मलेल्या रमाबाईंनी 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात, प्रांत, भाषा आणि विधी ही चारही कुंपणे एका उडीत ओलांडली गेली. दोनच वर्षांत मेधावी पटकीने गेले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. या लग्नात अबोला कुठेच नव्हता. ज्या बाईने पुढे बायबलचे मराठी भाषांतर अंगावर घेतले, तिचे प्रेमही शब्दांवाचून चालले नसणार. परसंस्कृतीतल्या प्रेमाचा पहिला नियम इथेच हाती लागतो. माणसे जितकी लांबची, तितके त्यांना जास्त बोलावे लागते. समजावावे लागते, चुकीचे शब्द वापरून हसे करून घ्यावे लागते.

प्रभातला हे कळत होते. ‘माणूस’ (1939) मधली मैना वेगवेगळ्या भाषांत कडवी असलेले गाणे गाते, ते केवळ गंमत म्हणून नाही. कोठीवर येणारे गिऱ्हाईक कुठल्याही प्रांताचे असू शकते, आणि गाणारणीला सगळ्यांच्या भाषा तोंडओळखीपुरत्या तरी याव्या लागतात. गणपत हवालदार मात्र तिच्याशी साध्या मराठीत बोलतो, आणि प्रेम नेमके तिथे सुरू होते.

त्यानंतरचा मोठा टप्पा पुन्हा दौंडचाच. दौंड हे जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन इथे या टोकाचे काढून त्या टोकाला लावावे लागे, आणि तेवढ्या वेळात फलाटावर चार भाषांत चहा मागितला जाई. रेल्वेच्या नोकरीने दूरदूरच्या प्रांतांतली कुटुंबे या गावात आणून वसवली. अशा गावात डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत होते. त्यांचा पहिलाच चित्रपट ‘सामना’ 1975 साली बर्लिनच्या स्पर्धेत गेला. तेव्हा ना पटकथेची शिबिरे होती, ना सहनिर्मितीचे बाजार. रामदास फुटाण्यांचे पैसे, तेंडुलकरांची पटकथा आणि साखरपट्ट्यातले राजकारण एवढ्या शिदोरीवर चित्रपट तिथवर पोहोचला. संवादांना धार होती. बर्लिनसाठी ती कुणी बोथट केली नाही.

पटेलांचा ‘मुक्ता’ (1994) हा या लेखाच्या विषयाचा खरा आद्य चित्रपट, आणि आज तो सहसा कुणाच्या यादीत नसतो. अमेरिकेत वाढलेली मराठा घराण्यातली मुक्ता, दलित चळवळीतला मिलिंद आणि अमेरिकेहून आलेला तिचा कृष्णवर्णीय मित्र ज्युलियन या तिघांना पटेलांनी एका कथेत आणले. वर्णाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न समोरासमोर बसवायचे धाडस तोवर फारसे कुणी केले नव्हते. चित्रपट भाषणबाज आहे, हे कबूल. पात्रे कधीकधी परिसंवादाला आल्यासारखी बोलतात. पण ती बोलतात तरी! अमेरिकेत शिकलेले समतेचे शब्द स्वतःच्या वाड्यात उच्चारताना मुक्ताची जी अडचण होते, ती सोनाली कुलकर्णीच्या चेहऱ्यावर जेवढी दिसते तेवढीच तिच्या वाक्यांत ऐकू येते. सरकारने या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचे नर्गिस दत्त पारितोषिक दिले. आज तोच चित्रपट महोत्सवात गेला असता तर त्याच्यावर दुसरा छाप बसला असता. छाप बदलतात; आतला माल उघडून पाहायचा कंटाळा मात्र दोन्हीकडे सारखाच.

गोव्याचा उल्लेख एका चित्रपटापुरता पुरे. लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा कोकणी ‘पलतडचो मनीस’ (2009) महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवर आधारलेला असून त्याला टोरंटोत समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. जंगलातला एकटा वनरक्षक आणि भान हरपलेली बाई यांच्यातल्या नात्यात शब्द कमी आहेत, कारण तिच्याकडे ते उरलेलेच नाहीत. अबोल्याला कारण आहे. दिग्दर्शकाला शांतता आवडते म्हणून ती बाई गप्प नाही.

हाच निकष नागराज मंजुळे यांच्या दोन चित्रपटांना लावला की दोन्ही पहिल्याच झटक्यात पार होतात. ‘फँड्री’ (2013) हे नावच मुळी कैकाडी भाषेतले आहे आणि त्याचा अर्थ डुक्कर. शाळेत मराठी, गावात शिवी आणि घरात कैकाडी अशा तीन थरांत जब्या जगतो. शालूशी त्याचे बोलणे होत नाही. मधले अंतर चार पावलांचे आहे, पण त्या चार पावलांत सगळी जातव्यवस्था उभी आहे. हे प्रेम परसंस्कृतीतले नाही असे म्हणणाऱ्याने संस्कृती हा शब्द पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्यांकडून उसना घेतलेला असतो. लढाईसाठी ओळखले जाणारे कोरेगाव भीमा ज्या शिरूर तालुक्यात आहे, तिथल्या माणसाला तरी गाव आणि वस्ती यांच्यातले अंतर मोजायला परदेशी जावे लागू नये.

‘सैराट’ (2016) बर्लिनला दाखवला गेला आणि मग मराठीत कमाईचा विक्रम करून बसला. या दुसऱ्या कारणामुळे पुष्कळ जाणकारांनी त्याला कलात्मक चित्रपटांच्या पंगतीतून उठवले. आर्ची आणि परश्याची गोष्ट करमाळ्याच्या बाजूची. मंजुळे यांचे जेऊर दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे, आणि मुंबई-पुण्याहून हैदराबादला निघालेल्या गाड्या याच रुळांवरून धावतात. या भागातून पळून जाणारे प्रेम त्यामुळे स्वाभाविकच तेलुगू मुलखात उतरते. लोक ‘सैराट’चा पूर्वार्ध आठवतात: विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, अजय-अतुल. पण चित्रपट उभा आहे तो उत्तरार्धावर. परश्या सुमन अक्काच्या डोशाच्या गाडीवर राबतो. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते आणि सोबतच्या मुलीकडून तेलुगू शिकते. पाटलाची लेक, जिने आजवर फक्त हुकूम सोडले, ती पहिलीतल्या मुलासारखी एकेक शब्द गिरवते. परसंस्कृतीतल्या प्रेमाचे यापेक्षा नेमके दृश्य मराठीत नाही. परकी भाषा आली म्हणून प्रेम फुलत नाही. उलट परश्याचा संशय वाढतो, हात उठतो, ती गाडीत बसून माघारी निघते. भांडण दाखवायची हिंमत असलेला हा प्रेमपट आहे. शेवटची शांतता म्हणूनच अंगावर येते. त्या शांततेआधी दोन-अडीच तास माणसे मनसोक्त बोललेली आहेत.

इतरांचा हिशेब लवकर आटोपता येतो. रोहेना गेरा यांच्या ‘सर’ (2018) मध्ये रत्ना ही महाराष्ट्रातल्या खेड्यातली विधवा मोलकरीण आणि अश्विन हा तिचा मालक. भाषेच्या बाजूने पाहिले तर सगळी वाट तीच चालते. तिने शेवटी त्याला नावाने हाक मारणे हा चित्रपटातला एकमेव अस्सल क्षण, आणि तो पुरेसा सुंदर आहे. रितेश बत्रा यांचा ‘फोटोग्राफ’ (2019) म्हणजे अबोल्याचे लोणचे, तेही न मुरलेले. लंडनमध्ये चित्रित होणाऱ्या मराठी प्रेमकथांविषयी काही लिहिण्याची गरज नाही. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ मोलाचा आहे, पण तो प्रेमाच्या बाजाराचा नव्हे, लग्नाच्या बाजाराचा चित्रपट.

कपाडियांच्या चित्रपटात मल्याळम, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषा वावरतात. त्यातली सर्वांत जिवंत जागा अनू आणि शियाझ यांच्या प्रेमात नाही. हिंदीशी झगडणाऱ्या मल्याळी डॉक्टरचे प्रभाशी जे अवघडलेले संभाषण होते, तिथे ती आहे. दुसरी जागा छाया कदम यांची. ‘फँड्री’तली जब्याची आई, ‘सैराट’मधली सुमन अक्का आणि इथली कागदपत्रांअभावी घर गमावणारी पार्वती या तिन्ही एकाच अभिनेत्रीने केल्या. पहिल्या दोन चित्रपटांत तिच्या बोलीला चव आहे. तिसऱ्यात ती मुंबईचा एक सूर होऊन राहते. चांगला सूर, पण सूरच.

‘साबर बोंडं’ची गोष्ट वेगळी. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो आणि दहा दिवसांच्या सुतकात त्याची बाल्याशी जुनी ओळख नव्याने उमलते. पार्श्वसंगीत अजिबात नाही. तरीही चित्रपट मुका नाही. नातेवाईक सारखे लग्नाचे विचारतात, आणि त्यांच्यासाठी आई-मुलाने एक बनावट प्रेमभंग तयार ठेवलेला आहे. सुतकाचे नियम आहेत, चौकशा आहेत, टोमणे आहेत. त्या सगळ्या बोलभांडपणाच्या पोटात दोघांचा अबोला आहे, म्हणून त्याला वजन येते. बाल्या आनंदसाठी जे फळ आणतो त्याचे काटे आधी कुणीतरी काढलेले असतात. चित्रपटाची सगळी शैली त्या एका कृतीत सामावली आहे. मात्र कानवड्यांचे अनुकरण करणारे फळ उचलतात आणि काटे काढण्याचे कष्ट विसरतात.

आता मुख्य तक्रार. मराठी प्रेमाचे अर्धे नाट्य संबोधनात असते. ‘तुम्ही’चे ‘तू’ कधी झाले, ‘अहो’ कुणी कुणाला पहिल्यांदा म्हटले, चारचौघांत नाव घेतले की टाळले, यावर घरे उभी राहतात आणि मोडतात. इंग्रजी तळओळींत या सगळ्याचे एकच सर्वनाम होते. करमाळ्याची बोली, वऱ्हाडी आणि सदाशिव पेठ तिथे एकाच इंग्रजीत बोलतात. परीक्षकांचा यात दोष नाही. त्यांना जे ऐकू येत नाही त्याला ते गुण कसे देणार? दोष लेखकाचा. जे भाषांतरात मरणार आहे ते लिहायचेच नाही असे तो आधीच ठरवून बसतो. मग उरतात खिडकी, पाऊस आणि मान. वर्षानुवर्षे बोलीभाषेवर हात बसवणाऱ्या लेखकापेक्षा मग प्रस्तावाचे इंग्रजी चांगले असणारा पुढे जातो.

दुसरी फसवणूक पोस्टरवरची. कानला अधिकृत निवड वेगळी आणि तिथल्या बाजारपेठेत पैसे भरून घेतलेला खेळ वेगळा. मराठी पोस्टरवर मात्र दोन्हींना त्याच सोनेरी पानांची महिरप लाभते. राज्य सरकार बाजारपेठेत चित्रपट पाठवते, त्याच्या बातम्या छापून येतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की स्पर्धेत गेला. गेलेला असतो तो दुकानात.

आणि ज्यांच्या बोलीवर हे सारे चालते त्यांच्यापर्यंत चित्रपट पोहोचवायची घाई कुणाला नाही. महाराष्ट्राच्या जत्रांतल्या तंबूच्या सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ला 2016 मध्ये कानला विशेष उल्लेख मिळाला. तंबू मिटत होते तेव्हाच त्यांच्या मिटण्याला तिकडे टाळ्या पडत होत्या. ‘साबर बोंडं’चे भारतातले वितरण तेलुगू अभिनेता राणा दग्गुबातीच्या कंपनीने केले, ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’चेही तिनेच. मराठी चित्रपटाला मराठी मुलखात आणायला हैदराबादची मदत लागावी, ही आर्ची-परश्याच्या प्रवासाची उलटी बाजू म्हणायची.

दरम्यान विषय शिरूर तालुक्यातच पडून आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुले आणि मराठवाड्यातून आलेल्या मुली एकाच कारखान्याच्या पाळ्यांवर असतात. सुटीच्या दिवशी महागणपतीच्या रांगेत, बाकी दिवशी खोल्यांच्या चाळींत आणि वडापावच्या गाडीवर त्यांच्या ओळखी होतात. त्यांची समाईक भाषा हिंदी, तीही पुष्कळदा दोघांची नसलेली. ‘खाना हुआ का?’ असे मराठी वळणाचे हिंदी मुलींकडून येते आणि मुलांच्या हिंदीत ‘मेरेको कळ्या नै’ घुसते. घरमालकाशी बोलताना मुलगी मराठीत एक सांगते, गावाकडे फोनवर दुसरे, आणि मुलाला त्यातले अर्धेच समजते. पाळी संपल्याचा भोंगा होतो, फाटकातून गर्दी बाहेर पडते आणि त्या गर्दीत गप्प असे कुणीच नसते.