पानिपत: थंडीनं हरवलं की भुकेनं?

डहाणू-तलासरीच्या जानेवारीत शेकोटी पुरते, म्हणून ‘पानिपतात मराठे थंडीनं हरले’ हे आपल्याला चटकन पटतं. पण थंडी अब्दालीच्या फौजेलाही होतीच ना? तिला सवय होती, मान्य. खरा फरक रसदेचा. ऑक्टोबर १७६० मध्ये त्यानं बागपतला यमुना ओलांडून मराठ्यांची दिल्लीची वाट तोडली. त्याला मात्र नजीबाच्या रोहिलखंडातून धान्य येत राहिलं. मराठ्यांसोबत यात्रेकरू, बुणगे, जड तोफा, चपळाई संपलेली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, मग छावणीत उपासमार. उपाशी अंगालाच थंडी जास्त झोंबते.

तुमच्या प्रबंधात ‘कारण’ लिहिण्याआधी एवढं विचारा: हेच कारण समोरच्या बाजूलाही लागू होतं का? होत असेल, तर ते एकटं पुरत नाही.