ध्यानाचें आलंबन

ध्यानास बसणाऱ्या माणसाला आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतों : किती वेळ बसतां, आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरीं बसतां. मन कशावर ठेवतां, हा तिसरा प्रश्न विचारणें आपणांस थोडें औचित्यभंगाचें वाटतें. तें ज्याच्या त्याच्या आवडीवर किंवा घराण्याच्या उपास्यावर सोडून देण्याची आपली रीत आहे. बौद्ध आचार्यांनीं मात्र साधनेचा मोठा भार ह्या तिसऱ्या प्रश्नावरच ठेवला. चित्त एका विषयावर निश्चल होणें ह्यास ते शमथ म्हणतात, आणि ज्या विषयावर तें ठेवावयाचें त्यास आलंबन. आलंबनाची निवड कोणी व कशी करावी, ह्याविषयीं त्यांनीं दिलेलें उत्तर कितपत पटण्याजोगें आहे, हें ह्या लेखांत आम्ही पाहाणार आहों.

हा विषय अहमदनगर जिल्ह्याला, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, वाटतो तितका परका नाहीं. ऑगस्ट १९४२ मध्यें मुंबईस पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांस नगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. जवाहरलाल नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ सालीं तेथेंच लिहिलें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच बंदिवासांत त्यांचे सोबती आचार्य नरेंद्र देव हे वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चा, पूसें ह्या बेल्जियन पंडिताच्या फ्रेंच भाषांतरावरून, हिंदी अनुवाद करीत होते, ही गोष्ट तितकी ठाऊक नाहीं. त्यांचा ‘बौद्ध-धर्म-दर्शन’ हा मोठा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५६ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्यांत शमथाचें सविस्तर विवेचन आहे. मराठी वाचकाच्या हातीं त्याच्याहि आधीं धर्मानंद कोसंबींचा ‘समाधिमार्ग’ आला होता. त्याच कोसंबींनीं १९४० मध्यें ‘विशुद्धिमार्गा’ची देवनागरी आवृत्ति मुंबईस काढली. शमथाच्या बाबतींत ह्या दोघांचाहि मुख्य आधार बुद्धघोषाचा हा ‘विशुद्धिमार्ग’च होय. तेव्हां परीक्षा करावयाची ती त्याचीच.

पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत राहून बुद्धघोषानें चाळीस आलंबनें मोजलीं : दहा कसिणें, दहा अशुभें, दहा अनुस्मृति, चार ब्रह्मविहार, चार अरूप अवस्था, आहाराविषयींची प्रतिकूल भावना आणि शरीरांतील चार धातूंचें पृथक्करण. कसिण म्हणजे माती, पाणी, तेज, रंग इत्यादिकांचें मंडल. मातीचें मंडल अरुणवर्ण मातीचें, एक वीत चार अंगुळें रुंदीचें करावें, इतका बारीक तपशील तो देतो. अशुभ म्हणजे प्रेताच्या निरनिराळ्या अवस्था. मग माणसांचे सहा स्वभाव कल्पून तो ही यादी त्यांच्यांत वांटतो. ज्याच्या ठायीं राग, म्हणजे आसक्ति, प्रबळ त्याला अशुभें व देहाच्या घटकांची स्मृति. द्वेष प्रबळ असेल त्याला मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा व चार रंगांचीं कसिणें. मोहानें किंवा वितर्कांनीं घेरलेल्याला श्वासोच्छ्वास. श्रद्धाळूला बुद्ध, धर्म, संघ, शील, त्याग व देवता ह्यांचें स्मरण. बुद्धिप्रधानाला मरण, निर्वाणाची शांति, आहार व चार धातु. उरलेलीं सर्वांस चालतात. वसुबंधूनें हा पसारा आणखी आटोपता केला. त्याच्या मतें ध्यानांत शिरण्याचीं दारें दोन : रागबहुलाला अशुभाचें, वितर्कबहुलाला श्वासाचें.

ह्या योजनेंतील मर्म उघड आहे. पतंजलीनें योगसूत्रांच्या पहिल्या पादांत चित्त स्थिर करण्याचे नाना उपाय सांगून अखेरीस ज्याला जें रुचेल त्याचें ध्यान करण्याची मोकळीक दिली. बुद्धघोष आवडीपेक्षां रोगाकडे आधीं पाहातो. रागिष्ट माणसाला मैत्रीची भावना गोड वाटेल, पण तिच्या आडून त्याचा रागच पोसला जाईल. कोपिष्ट माणसाला प्रेताची किळस सहज येईल, पण किळस ही द्वेषाचीच बहीण. असा हा वैद्याचा विचार आहे, आणि आमच्या मतें तो खरा आहे.

अडचण येते ती निदानाच्या जागीं. स्वभाव ओळखावा कसा? बुद्धघोष सांगतो, चालण्यावरून, झाडण्यावरून, जेवण्यावरून. रागचरित मनुष्य केरसुणी नीट धरून, घाई न करितां, सारखें झाडतो. द्वेषचरित ती घट्ट आवळून दोहों बाजूंस रेती उडवीत कर्कश आवाजानें झाडतो. एकाला स्निग्ध व गोड आवडतें आणि तो बेताचा घांस सावकाश खातो. दुसऱ्याला रुक्ष व आंबट आवडतें, तो तोंड भरून घाईनें जेवतो आणि चव थोडी बिघडली कीं संतापतो. हें वाचून वाचकास हंसूं येईल. पण बुद्धघोषाचा प्रामाणिकपणा असा, कीं हीं लक्षणें मूळ पाळींत किंवा जुन्या अट्ठकथांत पूर्णपणें आलेलीं नाहींत, केवळ आचार्यांचें मत म्हणून सांगितलीं आहेत, त्यांवर सर्वस्वीं विसंबूं नये, असें तो स्वतःच नमूद करितो. परचित्त जाणणारा गुरु असेल तर प्रश्नच नाहीं. नसेल तर त्यानें शिष्याला विचारावें, आणि विचारतांना त्याचें मन कोठें झुकतें हेंहि विचारावें, असें तो म्हणतो. म्हणजे आवडीला पुढल्या दारानें घालविलें, तरी मागल्या दारानें तिला आंत घ्यावेंच लागलें.

निदान चुकलें तर काय होतें, ह्याच्या दोन कथा बौद्ध वाङ्मयांतच आहेत. धम्मपदाच्या अट्ठकथेंत एका सोनाराच्या तरुण मुलाला सारिपुत्रासारखा प्रज्ञावंत गुरु, हा रागी असणार असें समजून, अशुभ देतो. चार महिने जातात, पण चित्त कांहीं केल्या बसत नाहीं. मग बुद्ध त्याला सोन्याचें कमळ देतो व तें वाळूच्या ढिगावर रोवून त्याकडे पाहात बसण्यास सांगतो, आणि मन तत्काळ एकाग्र होतें. कथा ह्याचें कारण पूर्वजन्मांत शोधते. आम्हांस साधें कारण पुरेसें वाटतें : ज्याचे डोळे सोन्याच्या झळाळीवर वाढले, त्याला पहिली पायरी तेथेंच सांपडली. दुसरी कथा विनयपिटकांत व संयुत्तनिकायांत आहे, आणि ती भयंकर आहे. वैशालीस बुद्धानें अशुभाची स्तुति केली व तो पंधरा दिवस एकांतांत राहिला. तेवढ्या अवधींत पुष्कळ भिक्षूंनीं देहाच्या किळसेनें स्वतःचा घात केला किंवा दुसऱ्याकडून करविला. परत आल्यावर संघ विरळ झालेला पाहून त्यानें त्यांस श्वासोच्छ्वासाचें आलंबन सांगितलें. औषध खरें असून त्याची मात्रा पाहाणारा कोणी जवळ नसला, म्हणजे काय ओढवतें तें ह्याहून स्पष्ट कोणी सांगितलें नसेल.

ह्या ठिकाणीं ह्याच जिल्ह्यांतील दुसऱ्या एका गांवाचें स्मरण होणें साहजिक आहे. नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, ज्ञानदेवांनीं गीतेवर टीका सांगितली. सहाव्या अध्यायांत अर्जुन मनाच्या चंचलपणाचें गाऱ्हाणें करितो, तेव्हां ज्ञानेश्वरींतला श्रीकृष्ण त्या मनाचा एक चांगला गुणहि दाखवितो : गोडी लागलेल्या जागीं तें सरावतें, म्हणून त्याला अंतरींच्या सुखाची चव लावीत जावें. बुद्धघोषाच्या योजनेंत जें उणें भासतें, तें येथें भरून निघतें. ज्या औषधाला रोगी तोंडच लावीत नाहीं, तें कितीहि गुणकारी असलें तरी त्याच्या उपयोगीं पडत नाहीं.

मग आवडीचेंच आलंबन घ्यावें, असें ठरलें काय? तसें नाहीं. सोनाराच्या मुलाचें कमळ पुढें बुद्धानेंच कोमेजविलें, आणि त्या कोमेजण्यांतच त्याला अनित्यता दिसली, असा त्या कथेचा शेवट आहे. गोडी मन गोळा होईपर्यंत कामाची. त्यापुढें रोगाचा विचार आलाच. आणि तो रोग ज्याचा त्याला दिसत नाहीं. आपण केरसुणी कशी धरतों, घांस कसा घेतों, हें आपल्या स्वतःच्या ध्यानांत कधीं येतें? बुद्धघोषाचीं लक्षणें अपुरीं असतील, पण तीं सारीं दुसऱ्यानें पाहावयाचीं आहेत, हा त्यांतील खरा बोध आहे. म्हणूनच आलंबन कल्याणमित्राकडून घ्यावें असा त्याचा आग्रह आहे.

आज ग्रंथ सुलभ आहेत, गुरु दुर्मिळ आहेत, आणि घरोघर लोक पुस्तकांतून आपलें आलंबन आपणच निवडीत आहेत. त्यांतले बहुतेक श्वास निवडतात, कारण तो सर्वांजवळ आहे. परंतु इतर आलंबनें अभ्यासानें स्पष्ट होत जातात, तर श्वास सूक्ष्म होत होत जणूं नाहींसा होतो व म्हणून तो अवघड आहे, असा इशारा बुद्धघोषानें दिला आहे, तोहि त्यांनीं वाचावा. गृहस्थाला भिक्षु-आचार्य मिळाला नाहीं, तरी त्याचें चालणें, बोलणें, जेवणें रोज पाहाणारीं माणसें त्याच्या घरांत आहेत. कोणतेंहि आलंबन घेऊन महिना-दोन महिने बसल्यावर आपला राग किंवा हव्यास रेसभर तरी कमी झाला काय, हें त्यानें पत्नीला, भावाला किंवा जाणत्या मुलाला विचारावें, आणि उत्तर ऐकून न रागावतां तें मनावर घ्यावें. कोसंबींचें व नरेंद्र देवांचें पुस्तक ज्यानें अशी साक्ष जवळ ठेवून वाचलें, त्यालाच तीं पुस्तकें खरीं उपयोगीं पडतील, असें आम्हांस वाटतें.