हजेरीपटावरचे नाव आणि मित्राने ठेवलेले नाव

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही भरतो. या बाजारात जाणत्या गिऱ्हाइकाच्या मागे तासभर हिंडावे. घोड्यापुढे उभे राहिले की ते प्रथम दात पाहते, मग रंग, मग अंगावरील भोवरे. देवमणासारखे शुभ चिन्ह आहे काय, चारही पाय आणि तोंड पांढरे असून तो पंचकल्याणी ठरतो काय, एखादा खोटा भोवरा तर कोठे दडलेला नाही ना, याची तपासणी होते. धन्याने जनावराला लाडाने काही नाव दिलेले असते. परंतु पारख चालू असता ते विचारण्याची घाई कोणास नसते. ही पारख पाहत असता प्रस्तुत लेखकास एका चित्रपटाची आठवण झाली. त्यात घोडा नव्हता, डुक्कर होते. त्या आठवणीतून या टिपणाचा विषय निघाला.

पोरवय सरून जाणतेपण येण्याचा जो काळ, त्यावर पाश्चात्त्य देशांत चित्रपटांचा एक स्वतंत्र प्रकारच मानला जातो. मराठीत त्याला काय म्हणावे हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ‘वयात येणे’ हा आपला रूढ शब्दप्रयोग बहुधा मुलीकडे आणि तिच्या शरीराकडे बोट दाखवितो. ‘सज्ञान’ हा शब्द कचेरीतला आहे. ‘जाणता होणे’ त्यातल्या त्यात जवळचा. मुलगा जाणता होतो म्हणजे त्याला काय कळते? आपण कोण आहो हे कळते, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. पण हे त्याला कोणाच्या तोंडून कळते, इकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच की मराठी चित्रपटांत हा प्रश्न एकांतात सुटत नाही. तो मित्राच्या हाकेत सुटतो, किंवा त्या हाकेपाशीच अडून राहतो.

नेहमीच असे होते असे नाही. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा पहिला चित्रपट. त्यातला श्याम घडतो तो आईच्या दृष्टीखाली. ज्या पुस्तकावर तो आधारला आहे त्याच्या कर्त्याने, साने गुरुजींनी, खानदेशातच, अमळनेरच्या शाळेत, अनेक वर्षे मुलांत घालविली होती. ‘धडपडणारी मुले’ हे नावही त्यांच्याच एका पुस्तकाचे. तरीही ‘श्यामची आई’मध्ये सवंगडी दुय्यम आहेत. श्याम पोहायला भितो म्हणून आई त्याला मारून घराबाहेर काढते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये हा तिचा हेतू. मुलाला कोणते नाव चिकटू नये याची काळजी तेथे आई वाहते. पुढच्या पिढीच्या चित्रपटांत ही काळजी वाहणारे कोणी घरात उरत नाही, किंवा घरच्यांचे हात तेथवर पोहोचत नाहीत.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’ (२००९) या चित्रपटात पुन्हा पाणी आहे. समीर आणि नचिकेत हे भाऊ आहेत, पण त्यांचे नाते मित्रांचे आहे. ते एकमेकांना पत्रे लिहितात आणि सुटीत आजोळी भेटतात. समीर पोहण्यात तरबेज. नचिकेताला ओढ आहे ती नात्यागोत्यांतून, दिनक्रमातून, स्वतःतूनच सुटण्याची. कठोपनिषदात यमाच्या दारी बसून मृत्यूविषयी विचारणाऱ्या मुलाचे नाव त्याला दिले आहे हे उघड आहे, आणि काही समीक्षकांनी तेवढ्यावरूनच चित्रपटाला तात्त्विक ठरविले. प्रस्तुत लेखकास हे तत्त्वज्ञान चित्रपटाची दुबळी बाजू वाटते. बळकट बाजू निराळी आहे. नचिकेत विहिरीत मृत सापडतो. ते मरण अपघाताचे की इच्छेचे, याचा निर्वाळा चित्रपट देत नाही. घरच्यांना शोक आहे, त्यांचे विधी आहेत. समीराजवळ विधी नाही. त्याच्याजवळ फक्त एक अर्धवट राहिलेले संभाषण आहे. ‘मी कोण’ हा प्रश्न नचिकेताचा होता. तो मेल्यावर प्रश्न वारसाहक्काने समीराकडे येतो आणि उत्तर ऐकायला मात्र कोणी नसते. पत्र लिहावयाचे तर पत्ता नाही, अशी ही अवस्था आहे.

अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’त (२०१४) वडील वारल्यावर पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय आहे, आईच्या बदलीबरोबर तोही बदलला गेला आहे. नव्या मुलांबरोबर सायकलींची शर्यत लावून तो समुद्रकाठच्या किल्ल्यात जातो. पाऊस येतो, मुले निघून जातात, तो एकटा मागे राहतो. मित्र म्हणावे की नाही हे अजून न ठरलेल्या मुलांनी सोडून जाणे हा विश्वासघात होतो काय? चिन्मय त्याला विश्वासघात मानतो, म्हणजे त्याने मनातून त्यांना आधीच मित्र मानलेले असते. रागातून मैत्रीचा पत्ता लागावा ही या प्रसंगातील सूक्ष्मता आहे. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेल्या ‘शाळा’विषयी (२०११) अधिक लिहिण्याची गरज नाही, आणीबाणीच्या काळातील नववीचे ते वर्ष, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारा तो कंपू, मुकुंद जोशीला शिरोडकर या मुलीविषयी वाटणारे आकर्षण हे सर्वांच्या परिचयाचे आहे. कंपू शेवटी विस्कटतो, आणि जोशी जाणता होतो तो त्या विस्कटण्यामुळे.

आता मूळ मुद्द्याकडे. मराठी मुले मित्राच्या नावाचा शेवट छाटतात आणि उरलेल्या तुकड्याला ‘-या’ लावतात. बंड्या, सुऱ्या, पिऱ्या, जब्या. हजेरीपटावर ठेवलेले नाव आईबापांचे असते. हे दुसरे नाव मुलांनी स्वतः तयार केलेले, आणि ते स्वीकारणे म्हणजे कंपूत प्रवेश मिळणे. पण याच प्रत्ययाचा दुसरा उपयोग गावगाड्याला शेकडो वर्षे ठाऊक आहे. वतनदाराने आपल्याहून वयाने मोठ्या अशा बलुतेदाराला किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाला हाक मारावयाची ती याच रूपात. एकच प्रत्यय, एका तोंडी सलगीचा, दुसऱ्या तोंडी पायरी दाखविणारा. आपली व्याकरणे त्याची तुच्छतादर्शक आणि लडिवाळ अशी विभागणी करून मोकळी होतात, परंतु अर्थ प्रत्ययात नसून बोलणाराच्या आणि ऐकणाराच्या जागेत असतो.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) या जागेवर उभा आहे. जांबुवंत कचरू माने हा कैकाडी मुलगा. पिऱ्या त्याला जब्या म्हणतो, आणि गावही त्याला जब्याच म्हणते. अक्षरे तीच आहेत. पिऱ्याबरोबर रानात काळ्या चिमणीचा माग काढताना जो जब्या असतो, तो त्या नावात मोकळा वावरतो. ती चिमणी मिळाली, तिची राख शालूवर टाकली, म्हणजे शालू वश होईल ही त्याची श्रद्धा आहे आणि तिला हसण्याची पिऱ्याला गरज वाटत नाही. मैत्रीची यापेक्षा नेमकी व्याख्या करता येईल असे वाटत नाही. गावात आल्यावर मात्र तेच नाव त्याच्या अंगावरचा भोवरा होते. जत्रेत नवे कपडे घालून तो नाचतो, क्षणभर इतर मुलांसारखा होतो, आणि लगेच त्याच्या डोक्यावर मिरवणुकीची बत्ती देण्यात येते. इतरांना नाचताना दिसावे म्हणून त्याने उजेड धरावयाचा.

याच्याही पुढे चित्रपट जातो. ‘फँड्री’ हा डुकरासाठी असलेला कैकाडी शब्द. तो जब्याच्या घरातला, त्याच्या आईच्या भाषेतला आहे. गावातील मुले तो शब्द उचलतात आणि त्याच्यावर फेकतात. शिव्या मराठीत काय कमी आहेत? तरी त्यांना त्याच्याच घरातला शब्द हवा असतो, कारण त्या शब्दाने मुलाची घराविषयीची लाज जागी होते. डुक्कर धरण्याच्या दीर्घ प्रसंगात जब्या झुडपाआड लपतो तो डुकराला भिऊन नव्हे. शाळेतल्या मुलांच्या नजरेला भिऊन. शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर तेवढे चालत राहते. पुढे बांधलेले डुक्कर फुले-आंबेडकरांची चित्रे रंगविलेल्या भिंतीवरून नेले जाते. या चौकटीची स्तुती पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखकास ती किंचित ठळक वाटते. बत्तीचा प्रसंग अधिक खोल आहे, कारण तेथे दिग्दर्शक आपल्याला काही दाखवीत आहे असे जाणवत नाही.

त्र्यूफोच्या ‘चारशे तडाखे’ या फ्रेंच चित्रपटात (१९५९) सुधारगृहात ठेवलेल्या आंत्वानला भेटायला त्याचा मित्र रने येतो, पण त्याला आत सोडत नाहीत. दोघे काचेतून एकमेकांना पाहतात. त्यानंतर आंत्वान पळतो, समुद्र गाठतो, वळतो आणि आपल्याकडे पाहतो. चित्र तेथे थांबते. ‘फँड्री’ही प्रेक्षकाकडे वळूनच संपतो, पण दगड घेऊन. फरक स्वभावाचा नाही. आंत्वानकडे पाहणारे कोणी उरलेले नाही, म्हणून तो आपल्याकडे पाहतो. जब्याकडे सारे गाव पाहत आहे, आणि त्या बघ्यांत तिकीट काढून आपणही बसलो आहो. समीर आणि चिन्मय यांना ‘मी कोण’ असे विचारण्याची सवड तरी आहे. जब्याला उत्तर आधीच मिळालेले आहे. त्याला ते परत करावयाचे आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. या चारही चित्रपटांत जाणते होतात ते मुलगेच. शालू आणि शिरोडकर दुरून पाहिल्या जातात. शालूला तिच्या मैत्रिणी कोणत्या नावाने हाक मारतात याची चौकशी चित्रपट करीत नाही. वस्तुतः नावाचा प्रश्न मुलीला अधिक तीव्रपणे भेटतो, कारण आपल्याकडे लग्नाच्या दिवशी तिचे नावच बदलण्याची चाल होती आणि कित्येक घरांत अद्याप आहे. हा आक्षेप खरा आहे व त्याला उत्तर नाही. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने (२०२५) एवढे दाखविले की जाणतेपणाला वयाची अट नाही. वडिलांच्या दुखवट्यासाठी गावी आलेला तिशीतला आनंद बालपणीच्या मित्रापाशी, बाल्यापाशी, बसतो. नातेवाईक लग्नाविषयी विचारत राहतात. बाल्याला काही विचारावे लागत नाही. सनडान्सच्या महोत्सवात या चित्रपटाला परकीय कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, याचे श्रेय या न विचारण्यालाही असावे.

या पाचांपैकी एकही चित्रपट तापीखोऱ्यातला नाही. सारंगखेडा ज्या शहादे तालुक्यात आहे, तेथील वर्गात एका बाकावर घरी गुजरी बोलणारा, अहिराणी बोलणारा आणि भिलोरी बोलणारा अशी तीन मुले बसलेली असू शकतात आणि फळ्यावर चौथीच भाषा असते. भूमीच्या आणि मजुरीच्या प्रश्नांवर १९७०च्या दशकाच्या आरंभी याच तालुक्यात आदिवासी शेतमजुरांची मोठी चळवळ उभी राहिली. तिच्यावर अभ्यास झाले आहेत. त्या मजुरांच्या नातवंडांना बाकावरचा मित्र कोणत्या नावाने हाक मारतो, आणि तेच नाव मास्तरांच्या तोंडी कसे ऐकू येते, हे मात्र कोणी टिपून ठेवलेले नाही. आपल्या विभागात त्या बाजूचे विद्यार्थी दरवर्षी येतात. त्यांनी आपापल्या शाळेतील एका इयत्तेचा पट मिळवावा. प्रत्येक नावापुढे मित्रांनी ठेवलेले नाव, घरचे नाव आणि चिडविण्याचे नाव लिहावे, आणि शेवटचे नाव कोणत्या भाषेतले आहे याची नोंद करावी. हे काम सुटीत होण्यासारखे आहे. पट जुना मिळाला तर अधिक बरे, कारण त्यातली मुले आता बोलायला भिणार नाहीत.