एका सीडीतले अ‍ॅडव्हेंचर गेम : काय टिकले, काय निसटले

अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये हाताच्या चपळाईपेक्षा डोके चालवावे लागते. खेळणारा गोष्टीतले एक पात्र होतो, सापडेल ती वस्तू पिशवीत टाकतो, भेटेल त्याच्याशी बोलतो आणि वाटेतली कोडी सोडवत कथा पुढे नेतो. १९७५ ते २००० या पंचवीस वर्षांत हा प्रकार जन्मला, भरभराटीला आला आणि बाजारातून जवळजवळ हद्दपारही झाला. उतरणीच्या काळात कंपन्यांनी आपले जुने गेम एकाच सीडीत भरून स्वस्तात विकायला काढले. त्या संग्रहांमुळे बरेचसे गेम आजपर्यंत पोहोचले. शिवाय वेगवेगळ्या वर्षांचे गेम शेजारी शेजारी आल्याने त्यांची पारखही सोपी झाली. चित्रे जुनी झाली म्हणून गेम मरत नाही. कोडे अन्यायाचे असेल तर मात्र तो आज खेळवत नाही, हे या संग्रहांतून स्पष्ट दिसते.

सुरुवात शब्दांपासून झाली. अमेरिकेतला प्रोग्रामर विल क्राउदर हा हौशी गुहा-संशोधकही होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या भुयारांची त्याने मोजणी केली होती. १९७५-७६ मध्ये त्याने त्या नकाशावर ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ रचला आणि १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने तो वाढवला. पडद्यावर चित्र नव्हतेच. संगणक जागेचे वर्णन करी आणि खेळणारा दोन शब्दांत हुकूम टाइप करी. एमआयटीतल्या चौघांनी याच धर्तीवर ‘झॉर्क’ लिहिला. त्याला पूर्ण वाक्ये कळत. तो विकणाऱ्या, १९७९ मध्ये निघालेल्या इन्फोकॉम कंपनीने एक दूरदृष्टीचे काम केले. गेम थेट एखाद्या यंत्रासाठी न लिहिता तिने ‘झेड-मशीन’ नावाच्या काल्पनिक संगणकासाठी लिहिले आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी फक्त एक छोटा दुभाषा प्रोग्राम बनवला. यंत्रे बदलली तरी दुभाषा बदलला की काम भागे. त्यामुळेच ते गेम आज मोबाइलवरही चालतात.

चित्रे आणली ती रोबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने. १९८० चा ‘मिस्ट्री हाउस’ साध्या रेघोट्यांचा होता. त्यांच्याच सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये (१९८४) नायक चित्रात चालू-फिरू लागला, झाडामागे गेला की दिसेनासा होई. १९९० च्या पाचव्या भागात हुकूम टाइप करणेही संपले आणि माउसने चिन्हांवर क्लिक करणे आले.

सिएराच्या संग्रहांचे आजचे परीक्षण याच पाचव्या भागापाशी अडते. वाटेत एक मांजर उंदराच्या मागे लागलेले दिसते. त्या क्षणी जुना बूट मांजराला फेकून मारला नाही, तर संधी पुन्हा येत नाही. बऱ्याच वेळाने गुंड नायकाला तळघरात बांधून टाकतात आणि तिथे दोर कुरतडायला तोच उंदीर लागतो. उंदीर मेला असेल तर गेम तिथेच अडकतो, आणि चूक कुठे झाली हे खेळणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. पुढे एका हिममानवाला ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ फेकून मारायचा असतो. भुकेपोटी तो आधी खाल्ला असेल तर तिथेही संपले. चित्रे अजून देखणी आहेत, संगीत ऐकावेसे वाटते. पण अशा सापळ्यांमुळे उत्तरांची वही शेजारी ठेवल्याशिवाय हा गेम पुरा होत नाही. त्या काळी मदतीच्या पुस्तिका वेगळ्या विकल्या जात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

या पद्धतीला उत्तर दिले लुकासफिल्म गेम्सने, म्हणजे पुढच्या लुकासआर्ट्सने. रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांच्या ‘मॅनिअ‍ॅक मॅन्शन’मध्ये (१९८७) ‘उघड’, ‘ढकल’, ‘दे’ अशी क्रियापदे पडद्याच्या तळाशी मांडलेली होती, त्यामुळे योग्य शब्द शोधत बसण्याची पीडा टळली. त्यासाठी बनवलेली ‘स्कम’ ही प्रणाली पुढे दहा वर्षे वापरात राहिली. गिल्बर्टने १९८९ मध्ये एका लेखात अ‍ॅडव्हेंचर गेमच्या खोडी मांडल्या. कारण नसताना मरण नको, परतीची वाट बंद नको आणि कोड्याआधी उत्तर हाती नको, असे त्याचे म्हणणे होते. १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये त्याने ते करून दाखवले. या गेममध्ये नायक सहसा मरतच नाही. तो दहा मिनिटे श्वास रोखू शकतो, ही त्याची बढाई खरी असते. पाण्याखाली दहा मिनिटे काहीच केले नाही तरच तो बुडतो.

या गेममधली तलवारबाजी आजही नमुन्यादाखल सांगितली जाते. तिथे वार शब्दांचे होतात. एकाने खोचक बोलावे, दुसऱ्याने त्याला चोख उत्तर द्यावे. ज्याचे उत्तर चुकेल तो मागे हटतो. कलगी-तुऱ्याच्या फडातल्या सवाल-जवाबासारखाच हा सामना आहे. वाटेत भेटणाऱ्या चाच्यांशी हरत हरत टोमणे आणि उत्तरे पाठ करायची असतात. शेवटी तलवारीच्या उस्तादबाईशी गाठ पडते तेव्हा तिचे टोमणे सगळे नवे निघतात. जुनीच उत्तरे त्यांना कशी लागू पडतील, हे खेळणाऱ्याने ताडायचे. शिकणे, अडखळणे आणि उमगणे या तिन्ही गोष्टी एकाच कोड्यात आल्या आहेत. तीस वर्षांनीही त्याचा रंग उडालेला नाही.

सीडी आली आणि जागेची चणचण संपली. फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत, सीडीत साधारण ६५०. पात्रांना आवाज मिळाले. १९९३ च्या ‘मिस्ट’मध्ये रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी एका निर्मनुष्य बेटाची चित्रे इतकी तपशिलात उभी केली, की केवळ हा गेम चालावा म्हणून लोकांनी सीडी ड्राइव्ह घेतले. २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत तो संगणकावरचा सर्वाधिक खपाचा गेम होता. पण त्याच १९९३ मध्ये ‘डूम’ हा गोळीबाराचा गेम आला आणि बाजार वेगाकडे वळला. १९९८ चा ‘ग्रिम फँडँगो’ समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण त्याची विक्री बेताचीच झाली.

संग्रह निघाले ते याच दशकात. अ‍ॅक्टिव्हिजनने १९९१ मध्ये इन्फोकॉमचे वीस गेम एकत्र काढले. १९९६ च्या ‘मास्टरपीसेस ऑफ इन्फोकॉम’मध्ये तेहेतीस आले. सुरुवातीच्या झेड-मशीनमध्ये एका गेमला १२८ किलोबाइटची मर्यादा होती, त्यामुळे कंपनीचा सगळा इतिहास सीडीच्या एका कोपऱ्यात मावला. लुकासआर्ट्सने १९९२ मध्ये पाच गेमचा संच काढला. ‘डे ऑफ द टेंटॅकल’मध्ये (१९९३) तर एका खोलीतल्या संगणकावर अख्खा ‘मॅनिअ‍ॅक मॅन्शन’ खेळता येतो.

या संग्रहांतून निसटले तेही थोडेथोडके नाही. इन्फोकॉमच्या ‘डेडलाइन’च्या (१९८२) खोक्यात पोलिस तपासाची कागदपत्रे आणि पुराव्याच्या गोळ्या असत, तपास खोके उघडल्यापासूनच सुरू होई. १९९६ च्या सीडीत ती जागा पडद्यावरच्या फाइलींनी घेतली. ‘लूम’सोबत (१९९०) पूर्वकथेची नाट्यरूप कॅसेट येई, ती नसली तर गेम मध्येच सुरू झाल्यासारखा वाटतो. ‘मंकी आयलंड’सोबत कागदाच्या दोन चकत्या असत. चाच्याच्या चेहऱ्याचे दोन भाग जुळवून आलेले साल टाइप केल्याशिवाय गेम सुरू होत नसे. नक्कल रोखण्याची युक्तीसुद्धा खेळाचाच भाग झाली होती. हक्कांची अडचण तर सर्वांत मोठी. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ हा इन्फोकॉमचा गाजलेला गेम, पण मूळ कादंबरीचे हक्क वेगळे असल्याने तेहेतिसांत तो नाही.

सीडी जपली तरी ती चालवणारे यंत्र राहत नाही. ती उणीव हौशी प्रोग्रामरांनी भरून काढली. २००१ मध्ये सुरू झालेला ‘स्कमव्हीएम’ हा मोफत प्रोग्राम जुन्या फाइली वाचून गेम नव्या संगणकावर चालवतो. २००८ पासून पोलंडमधल्या ‘गुड ओल्ड गेम्स’ने जुने गेम कायदेशीर डाउनलोडने विकायला सुरुवात केली. २००९ च्या ‘मंकी आयलंड’च्या नव्या आवृत्तीत एक कळ दाबली की नवे चित्र जाऊन जुने येते, दोन्ही काळ असे एकाच जागी ताडून पाहता येतात. तरीही २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या पाहणीत अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत, असे आढळले.

महाराष्ट्रातल्या घरांत गेमचा पहिला ‘संग्रह’ आला तो टीव्हीला जोडायच्या कार्ट्रिजमधून. हजारो गेमचा दावा असे, प्रत्यक्षात थोडेच गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. त्यांत अ‍ॅडव्हेंचर गेम जवळपास नसतच, कारण अर्ध्यावर सोडलेली कथा जतन करण्याची सोय त्या यंत्रांत नसे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईहून निघणाऱ्या ‘चिप’ मासिकासोबत (पुढे ‘डिजिट’) सीडी येऊ लागल्या. कोल्हापूरसारख्या शहरात संगणक वर्ग आणि सायबर कॅफे निघाले. पण कॅफेत पैसे तासावर मोजले जात. तासाला पैसे मोजून एकाच बंद दारापुढे विचार करत बसणे कुणाला परवडेल? तिथे शर्यती आणि गोळीबार चालला. कॉपी केलेल्या सीडीबरोबर पुस्तिका, चकत्या, नकाशे येत नसत. आणि सगळा संवाद इंग्रजीत. ज्या प्रकाराचा जीवच भाषेत आहे, तो इथे रुजायला ही जमीन कठीणच होती.

आज आपल्याकडे गेम बनतात, पण या परंपरेतले थोडेच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा सांगतो. त्याची चित्रे आणि वास्तू भारतीय आहेत, पण खेळ मुख्यतः लढाईचा आहे. गोव्यातल्या फ्रॉस्टवुड इंटरअ‍ॅक्टिव्हचे ‘रेनस्वेप्ट’ (२०१९) आणि ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) हे खरे कथाप्रधान गेम. त्यांत कोडी हलकी आणि माणसे ठळक आहेत. भारताबाहेर, टोरांटोत बनलेल्या ‘वेंबा’मध्ये (२०२३) आईच्या पाककृतींच्या फाटक्या वहीतली पुसलेली पायरी ओळखून पदार्थ करायचा असतो. कोडे घरातल्या भाषेतून आणि स्वयंपाकातून आल्याने ते उपरे वाटत नाही. जुन्या चांगल्या गेमची कसोटी इथे नव्याने पार झाली आहे.

मराठीत असा गेम लिहायचा तर अडचण अक्षरांची उरलेली नाही. डॉसच्या काळात देवनागरीसाठी सी-डॅकच्या ‘जिस्ट’ कार्डासारखी वेगळी सोय लागे. युनिकोडमुळे आता कोणत्याही फोनवर मराठी टाइप होते. ग्रॅहम नेल्सनच्या ‘इन्फॉर्म’सारखी (१९९३) शब्दगेम रचायची साधने मोफत आहेत. अडचण व्याकरणाची आहे. ‘विहीर पाहा’, ‘विहिरीत उतर’, ‘विहिरीतून वर ये’ या तिन्ही हुकुमांत वस्तू एकच, पण रूपे तीन. प्रोग्रामला प्रत्यय सोडवून सामान्यरूपावरून मूळ शब्द गाठावा लागेल. ‘किल्लीने दार उघड’ आणि ‘दार किल्लीने उघड’ दोन्ही बरोबर, म्हणजे शब्दांच्या क्रमावर भिस्त ठेवता येत नाही. उत्तर देतानाही दार उघडले, पेटी उघडली, दरवाजा उघडला असा भेद पाळायचा, तर प्रत्येक वस्तूचे लिंग आधी नोंदवून ठेवावे लागते. काम किचकट आहे, पण मर्यादित शब्दसंग्रहाच्या गेमसाठी आवाक्यातले आहे.

जागेची तर उणीव नाही. क्राउदरने खऱ्या भुयारांवर गेम रचला. कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्यावर तसा नकाशा तयारच आहे. अंधारबाव या विहिरीच्या तीन मजल्यांपैकी सर्वांत खाली पाणी आहे आणि मधल्या मजल्यावर तटाबाहेर काढणारा चोरदरवाजा. धान्याची कोठारे, सज्जाकोठी, तीन दरवाजा ही प्रत्येक जागा एका कोड्याला पुरते, आणि १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटणे हे कथानक इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मात्र शेवट सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीत उत्कंठा ठेवायची, तर कोडे इतिहासाच्या पाठांतरावर नव्हे तर जागेच्या निरीक्षणावर सुटले पाहिजे. आणि एक वस्तू उचलायची राहिली म्हणून अख्खा खेळ वाया जाता कामा नये. जुन्या सीडींवरच्या यशस्वी आणि फसलेल्या गेममधून मराठी रचनाकाराला घेण्यासारखे आहे ते हेच.